घोलपांचा टर्बो

"दम लागतो का?" हा घोलपांचा पहिला प्रश्न असे. नमस्कार नाही, कसे आहात नाही. जिना चढून आलेल्या माणसाकडे ते मान तिरकी करून बघत, त्याचे दोन-चार श्वास ऐकून घेत आणि मग विचारत. हो म्हटलं की खूश. "मग एअर कमी पडतेय," असं निदान करून त्याला पायरीवर बसवत. आमच्या इमारतीत लिफ्टसाठी जागा सोडलेली होती, लिफ्ट नव्हती, त्यामुळे घोलपांना रोग्यांची वाण कधी पडली नाही. मलाही त्यांनी पहिल्या भेटीत हेच विचारलं. मी ठाण्याच्या एका शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झालेली बाई. अनोळखी माणसानं माझे श्वास मोजावेत हे मला मुळीच आवडलं नाही आणि मी तसं तोंडावर सांगितलं. "राग आला म्हणजे दम आहे," असं म्हणून ते खाली निघून गेले.

ठाण्यात घर घेणं माझ्या फंडात बसण्यासारखं नव्हतं, म्हणून मी दिव्याला आले. एकटीला पुरेल एवढं घर, पहिला मजला, एक गॅलरी. घोलप माझ्या वर राहत आणि त्यांची गाडी माझ्या गॅलरीच्या बरोबर खाली उभी असे. गाडी म्हणजे आठशे सीसीची जुनी पांढरी डबी. पांढरी हे कागदोपत्री. इमारतीतले लोक त्यांना पाठीमागे 'टर्बो' म्हणत आणि हळूहळू तोंडावरही म्हणायला लागले. त्यांना त्याचं काही वाटत नसे. गंमत म्हणजे तेव्हा गाडीला टर्बो बसलेला नव्हता, नुसता बसणार होता.

शहाडच्या बाजूला एका कारखान्यात घोलप एकतीस वर्षं कॉम्प्रेसरवर होते. हवा दाबायची आणि नळ्यांमधून सगळ्या कारखान्याला पुरवायची, हे त्यांचं काम. डावा कान त्या आवाजात गेला, पण उजवा असा तयार झाला की बोलायची सोय नाही. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक यंत्राला लावायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. एकदा सोसायटीच्या पाण्याच्या पंपाला असा कान लावून ते सेक्रेटरींना म्हणाले, "बेअरिंग गेलंय. आठवडा काढेल." सेक्रेटरींनी मान डोलावली आणि विसरून गेले. सहाव्या दिवशी पंप बसला आणि आम्ही सगळे बादल्या घेऊन टँकरपुढे उभे. घोलप माझ्या पुढे दोन नंबरवर होते. 'मी सांगितलेलं' असं ते एकदाही म्हणाले नाहीत. त्यांच्या जागी मी असते तर टँकर रिकामा होईपर्यंत तेच म्हणत राहिले असते.

आमची खरी ओळख भांडणातून झाली. एका रविवारी मी गॅलरीत दोन पांढऱ्या सुती साड्या वाळत घातल्या होत्या. खालून निळसर धुराचा लोट आला आणि साड्यांना असा वास लागला की दोनदा भिजवूनही जाईना. मी तरातरा खाली गेले. बॉनेट उघडं, घोलप कोपरापर्यंत काळे, आणि इंजिनाला चिकटलेली एक गोगलगायीसारखी लोखंडी वस्तू. मी पाच मिनिटं बोलले. शाळेतल्या मुलांना मी पाच मिनिटं बोलले की ती रडायची. घोलपांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, तुम्ही विज्ञानाच्या ना? मग हा धूर निळा का, सांगा बघू." तेल जळतंय, मी म्हटलं. "ते मलाही माहीत आहे हो. तेल तिथं जातंय कसं, ते सांगा." आता हे मला येत नव्हतं. विज्ञानाच्या बाईला येत नाही असं म्हणण्यापेक्षा मी बॅटरी धरून बॉनेटपाशी उभी राहिले, ती पुढचे सात-आठ महिने उभीच होते.

टर्बो म्हणजे काय ते त्यांनी मला फुंकणीवरून समजावलं. इंजिनातून जो धूर बाहेर पडतो तो वायाच जातो. त्याच्या वाटेत एक छोटं चाक ठेवायचं. धुरानं चाक फिरतं, त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला आणखी एक चाक असतं, ते बाहेरची हवा ओढून इंजिनात कोंबतं. हवा जास्त, तर ताकद जास्त. "म्हणजे बघा, आपण टाकलेल्या श्वासानंच आपली चूल फुंकायची," घोलप म्हणाले. मी वर्गात तीस वर्षं ज्वलन शिकवलं, पण इतकं सोपं वाक्य मला कधी सुचलं नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही. एवढंच म्हटलं की गाडीत असे बदल करायला परवानगी लागते. "घाट चढू दे, मग सगळ्यांची परवानगी काढतो," ते म्हणाले. कोणता घाट, ते मी तेव्हा विचारलं नाही.

नवीन टर्बो आणि त्याचं सामान त्यांच्या पेन्शनीत बसणारं नव्हतं. त्यांनी तो शीळफाट्याच्या पुढे भंगारवाल्याकडून आणला होता, अपघातात चेपलेल्या एका डिझेल गाडीचा. त्यासाठी ते तीन महिने दर मंगळवारी भंगारात जात आणि चाकाचा दांडा बोटांनी हलवून बघत. हवेच्या नळीसाठी ट्रकच्या रेडिएटरचा रबरी पाइप कापून घेतला. "बाजारात जायच्या आधी घरात बघायचं," हे त्यांचं धोरण. एकदा सकाळी सकाळी माझ्या दारात उभे. "बाई, तुमच्याकडं एखादी पोचे आलेली स्टीलची परात आहे?" होती. आईची होती आणि मी ती उगाचच सांभाळून ठेवली होती. त्यांनी ती कापून टर्बो आणि वायरी यांच्यामध्ये आडोसा केला, म्हणजे वायरी वितळू नयेत. कणीक मळायची परात गाडीत बसलेली पाहून मला हसू आलं आणि आईची आठवणही आली. घरी येऊन मी कधी नव्हे ते दोन माणसांच्या पोळ्या केल्या.

माझं काम वाचायचं. परदेशातले हौशी लोक आपल्या गाड्यांना असे टर्बो बसवतात आणि मोबाइलवर पानंच्या पानं लिहितात. घोलपांना इंग्रजीचा कंटाळा, मला उद्योग नाही. मी पायरीवर खुर्ची टाकून वाचत आणि मराठीत सांगत असे. ते गाडीखालून हुंकार देत. मध्येच हुंकार थांबला की मी घाबरून वाकून बघे. "आहे, आहे," खालून आवाज येई. इमारतीतल्या बायका येता-जाता आमच्याकडे बघून काय बोलत असतील ते मला ठाऊक होतं. साठीनंतर लोक आपल्याविषयी काहीतरी बोलतात, हे ऐकून खरं सांगायचं तर जरा बरंच वाटलं.

एक सवय त्यांनी टर्बो बसवल्यावर लावून घेतली. फिरवून आणलेली गाडी ते लगेच बंद करत नसत. चाक फार जोरात फिरत असतं, इंजिन एकदम बंद केलं तर त्याला तेल मिळत नाही आणि ते जळतं. म्हणून दोन मिनिटं नुसतं चालू ठेवायचं. घोलप स्टिअरिंगवर हात ठेवून समोरच्या भिंतीकडे बघत बसत. मी गॅलरीतून पाही. दोन मिनिटांनी इंजिन बंद होई, पण घोलप उतरत नसत. पाच मिनिटं, दहा मिनिटं. वर घरात कोणी नव्हतं, मग घाई कसली? मला ते बसणं ओळखीचं होतं. शाळा सुटल्यावर मीही अशीच स्टाफरूममध्ये वह्या तपासत बसायची, तपासून झालेल्या.

कोणता घाट, ते मला एका संध्याकाळी चहा पिताना कळलं. घोलप मूळचे माळशेजच्या पलीकडचे, ओतूरकडचे. विसाव्या वर्षी घाट उतरून कामाला आले आणि इकडचेच झाले. बायको लवकर गेली. एकच मुलगी, अश्विनी. तिला शिकवलं, नर्स केली, कल्याणला चांगली नोकरी लागली. आणि तिनं लग्न ठरवलं ते घाटावरच्या मुलाशी, कांदा आणि थोडी द्राक्षं करणाऱ्या. नोकरी सोडून तिकडच्या आरोग्य केंद्रात जाणार म्हणाली. "मी घाट उतरून खाली आलो ते काय हिनं परत वर जावं म्हणून?" हे मला सांगतानाही घोलपांचा आवाज चढला. लग्न तिकडेच होतं. आदल्या दिवशी मुलीचा फोन आला, बाबा, निघालात का? घोलपांनी सांगितलं, "गाडी घाट चढत नाहीये. इंजिनात दम नाही." आणि ते गेले नाहीत. मामानं पुढे होऊन सगळं केलं. त्याला चार वर्षं झाली होती. अश्विनीला एक मुलगी झाली होती, तिला त्यांनी पाहिलेलं नव्हतं.

"अहो, पण कल्याणहून आळेफाट्याची एसटी रोज आहे," मी म्हटलं. "सकाळी बसलात तर दुपारी जेवायला मुलीकडे."

"एसटीनं कसा जाऊ?" ते माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मीच बावळट. "एसटीनं गेलो तर ती म्हणेल, एसटी तेव्हाही होती, बाबा."

गाडी घाट चढत नाही असं सांगितलं होतं, तेव्हा आता गाडीनंच घाट चढायला हवा होता. म्हाताऱ्याचा हिशेब मला पटला नाही, पण कळला. आणि त्या दिवसापासून त्या धुरानं माझाही त्यांच्याइतकाच छळ मांडला.

धुराचं कोडं सुटलं ते माझ्या पिंपामुळे. दिव्यात पाणी सकाळी पाऊण तास येई. ते पिंपात भरायचं आणि दिवसभर तळाच्या तोटीला लावलेल्या नळीनं बादलीत सोडायचं; नळी मध्येच पिंपातल्या पाण्याच्या वर उचलली गेली की धार बंद. एके दिवशी मी खाली वाकले असताना टर्बोतून निघून इंजिनाखालच्या तेलाच्या चेंबरकडे जाणारी नळी नीट पाहिली. तापलेल्या पाइपापासून लांब राहावी म्हणून घोलपांनी ती आधी वर वळवून मग खाली नेली होती. मी विचारलं, "हे तेल वर कसं चढेल हो?" घोलप म्हणाले, "म्हणजे? रिटर्न आहे ती. परत जाणारच." मग नळीच्या वळणावरून बोट फिरवायला लागले. कारखान्यातल्या त्यांच्या कॉम्प्रेसरला परतीच्या तेलासाठी वेगळा पंप होता. एकतीस वर्षं तेल आपोआप परत येत होतं, त्यामुळे त्याला उतार लागतो हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं. इथे पंप नव्हता. तेल नळीत तुंबत होतं आणि वाट मिळेल तिकडून आत जाऊन जळत होतं. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला, काळा हात, त्यामुळे कपाळही काळं. दुसऱ्या दिवशी नळी सरळ खाली उताराची केली आणि धूर बंद.

मग आम्ही मुंब्रा बायपासचा चढ चढलो. मी शेजारी बसले होते, मांडीवर चांगला नारळाएवढा दगड घेऊन. गाडी थांबली तर उतरून चाकामागे लावायचा, हे शेजारी बसणाऱ्याचं काम. पूर्वी माहेरी जाताना त्यांच्या बायकोकडे ते असे. अर्ध्या चढावर एका ट्रकच्या मागे त्यांनी पाय दाबला. शिट्टीसारखा बारीक आवाज आला आणि ती डबी ट्रकला मागे टाकून अशी निघाली की मी दगड घट्ट धरून मोठ्यांदा हसले. कधीची हसले नव्हते तेवढी. घोलपही हसत होते, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. वर जाऊन आम्ही उसाचा रस प्यायलो. परतताना ते म्हणाले, "या आठवड्यात निघतो."

त्या आठवड्यात त्यांनी कार्ब्युरेटर उघडला. पुढच्या आठवड्यात क्लच. मग म्हणाले टायर जुने झाले. मग पुन्हा टर्बो खाली उतरवला, आवाज थोडा बदललाय म्हणून. दीड महिना मी बॅटरी धरली. शेवटी मला राहवलं नाही. "घोलप, गाडीला काही झालेलं नाही. तुम्हालाच जायचं नाहीये. चार वर्षांपूर्वीही गाडीला काही झालेलं नव्हतं." माझी जीभ अशीच आहे, मुख्याध्यापकांनीही मला हे अनेकदा सांगितलं होतं. घोलपांनी माझ्या हातातली बॅटरी काढून घेतली. "तुमच्या साड्या खराब होतील. वर जा," एवढंच म्हणाले. त्यानंतर ते माझ्याशी तीन आठवडे बोलले नाहीत. जिन्यात दिसले तर भिंतीकडे बघत. ते तीन आठवडे मला फार जड गेले.

एका सकाळी पाणी भरायला उठले तर खाली गाडी नव्हती. संध्याकाळपर्यंत आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी अनोळखी नंबरवरून फोन आला. "बाई का? मी अश्विनी. बाबांनी तुम्हाला फोन करायला सांगितलंय, ते स्वतः बोलायला लाजतायत." घाटाच्या अर्ध्यात गाडी बंद पडली होती. चढावर इंजिन टकटक करायला लागलं, घोलपांनी ते ऐकलं, पण पाय काढला नाही. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या माथ्याखालचं पॅकिंग, उडालं. आयुष्यभर यंत्राचं ऐकत आलेला माणूस त्या दिवशी ऐकेनासा झाला. मग दोन तास बॉनेट उघडं टाकून कठड्यावर बसून राहिले. तीन एसट्या समोरून गेल्या. चौथीला त्यांनी हात केला.

"दारात उभे राहिले, हात काळे, शर्ट काळा," अश्विनी सांगत होती. "मी म्हटलं, कशानं आलात? म्हणाले, एसटीनं. माझ्या तोंडून निघूनच गेलं हो बाई, की एसटी तेव्हाही होती, बाबा. तर म्हणाले, होती."

"मग?"

"मग काय. मी त्यांना हात धुवायला पाणी दिलं."

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ खुर्चीवर बसून होते. मला आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू, आणि तितकंच वाईटही वाटत होतं, कारण आता ते परत येणार नाहीत हे मला कळून चुकलं होतं.

ते एकदाच आले, घर रिकामं करायला, जावयाचा टेम्पो घेऊन. गाडी घाटाखालच्या गॅरेजवाल्याला देऊन टाकली होती. हत्यारांच्या दोन पेट्या आणि एक पलंग, एवढंच सामान. माझ्याकडे चहा घेतला. नात काय काय बोलते ते सांगत होते, मी ऐकत होते. निघताना म्हणाले, "तुम्ही बोललात ते बरं केलंत, बाई." मी म्हटलं, "मला बोलायची सवयच आहे." टेम्पो वळेपर्यंत मी गॅलरीत होते. नंतर त्या जागेवर कोणीतरी दोन स्कूटर लावायला लागलं.

दर रविवारी त्यांचा फोन येई. एकदा म्हणाले, "या की इकडं दोन दिवस. मोकळी हवा आहे. अश्विनी पण म्हणते." मी म्हटलं, "कसं जमणार? पाण्याचा प्रश्न आहे ना इथं. घर बंद ठेवता येत नाही." सोसायटीनं त्याच वर्षी मोठी टाकी बांधली होती, पाणी दिवसभर येत होतं, हे त्यांना अर्थात ठाऊक नव्हतं. आणि घरात माणूसच नसलं तर पाणी कोणाला लागतं, हे तर कोणालाही कळेल. घोलप म्हणाले, "बरं." पुढे आणखी दोनदा त्यांनी बोलावलं, दोन्ही वेळा मी पाणीच पुढे केलं. का गेले नाही, ते मी स्वतःला बऱ्याचदा विचारलं आहे. कोणाच्या भरल्या घरात पाहुणी म्हणून दोन दिवस राहायचं आणि मग परत ह्या घराचं कुलूप उघडायचं, याची मला भीती वाटत होती. त्यापेक्षा रविवारचा फोन बरा होता.

मार्गशीर्षात एका रविवारी फोन आला तो अश्विनीचा. बाबा पहाटे झोपेतच गेले, असं म्हणाली.

मी दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं निघाले. मुरबाड, टोकावडे, मग घाट. खिडकीशी बसून मी वळणं बघत होते. घाटमाथा कधी आला ते कळलंही नाही, गाडी ज्या सहजपणे चढली त्याचा मला राग आला. साडेतीन तासांत मी फाट्यावर उतरले. अश्विनी न्यायला आली होती, कडेवर मुलगी. बापाचाच चेहरा, मान किंचित तिरकी. तिनं माझी पिशवी घेतली आणि आम्ही कांद्याच्या शेताच्या कडेनं चालायला लागलो.

"बाबा नेहमी सांगायचे, पाण्यामुळं बाईंना निघता येत नाही," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, ती खरंच काळजीनं विचारत होती. "मग आता पाण्याचं काय केलंत?"

"पाण्याचं काही नव्हतंच, अश्विनी," मी म्हटलं.

ती थांबली नाही. मुलीला तिनं खाली उतरवलं आणि मोकळा झालेला हात माझ्या दंडाला धरला, कारण पुढे बांध होता आणि मला दम लागला होता.